विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, तरी मन मोकळे का होत नाही?

शेवटचे रेडिएशन झालेले असते. फाइलवर ‘तीन महिन्यांनी दाखवणे’ असा शेरा पडलेला असतो. घरी आल्यावर शेजारच्या काकू पेढे घेऊन येतात, सासूबाई दृष्ट काढतात, बोललेला नवस फेडायला कधी जायचे याची चर्चा सुरू होते. ‘सुटलीस बाई एकदाची,’ असे प्रत्येक जण म्हणतो. आणि जिच्यासाठी हे सगळे चाललेले असते, ती त्याच रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलेली असते. आजार गेला, मग रडू का येते, हे तिला कळत नाही. घरच्यांना तर नाहीच नाही.

कर्करोग रुग्णांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ‘सायको-ऑन्कॉलॉजी’ या शाखेला हे चित्र चांगलेच परिचित आहे. आपल्याकडे मात्र त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. गाठ कशी ओळखावी, मॅमोग्राफी कधी करावी यावर दर ऑक्टोबरात लेख येतात. उपचारांनंतरच्या वर्षांवर क्वचितच. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात १ लाख ९२ हजारांहून अधिक महिलांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. त्याच वर्षी या आजाराने ९८ हजारांहून अधिक महिलांचा बळी घेतला. हा आकडा मोठा आहेच, पण उपचार पूर्ण करून पुढे वर्षानुवर्षे जगणाऱ्या महिलाही लाखोंच्या संख्येने आहेत. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे उपचार संपतात तेव्हा अनेकींची मुले शाळा-कॉलेजात असतात, नोकरी चालू असते, घराचे हप्ते बाकी असतात. पुढे मोठे आयुष्य असते. ते कसे जगायचे, हा प्रश्न मात्र डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला नसतो.

उपचार संपल्यावरच अस्वस्थता का वाढते?

उपचार चालू असतात तेव्हा मनाला फुरसतच नसते. दर २१ दिवसांनी केमो, त्याआधी रक्ततपासणी, मग आठवडाभर उलट्या आणि तोंडाला नसलेली चव, मग ऑपरेशन, मग आठवड्यातले पाच दिवस रेडिएशन. हे सगळे त्रासदायक असले तरी रोज आजाराविरुद्ध काहीतरी चालू आहे, हा दिलासा असतो. परळला उपचार घेणाऱ्या बाईला रांगेतल्या चार जणींची नावे पाठ झालेली असतात. सिस्टर ओळखीची असते. एके दिवशी हे सारे एकदम थांबते. आता आपल्यावर कुणाचे लक्ष नाही, ही भावना त्या दिवशी पहिल्यांदा येते.

त्यातच ‘उपचार संपले’ हे अर्धसत्य असते. ज्यांची गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असते त्यांना पुढे पाच ते दहा वर्षे टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम गोळी रोज घ्यावी लागते. तिच्यामुळे अंगातून गरम वाफा निघतात, सांधे धरतात, झोप मोडते. केमोनंतरचा थकवा महिनोन्‌महिने रेंगाळतो. गॅसवर दूध ठेवल्याचे विसरणे, बोलता बोलता साधा शब्द न आठवणे हेही होते. इकडे डोक्यावर केस पुन्हा आलेले असतात, चेहरा भरलेला असतो, त्यामुळे घरच्यांच्या लेखी ती बरी झालेली असते. सकाळचा डबा पुन्हा तिच्याकडे येतो. तिच्या आतल्या घड्याळाचा आणि घराच्या घड्याळाचा मेळ बसत नाही तो इथे.

आजार उलटण्याची भीती हा मनाचा खेळ आहे का?

नाही. पाठ दुखली की हाडात गेले असेल, खोकला आला की फुप्फुसात गेले असेल, अशी शंकेची पाल वर्षानुवर्षे चुकचुकत राहते. फॉलोअपच्या आधीचे आठ-दहा दिवस तर विचारूच नका. ‘उगाच डोक्यात आणू नकोस’ हा घरचा सल्ला प्रेमाचा असला तरी वस्तुस्थितीला धरून नाही. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात पाच वर्षे गोळी घेऊन झाल्यावरही आजार परत येण्याची शक्यता पुढे २० वर्षांपर्यंत टिकून राहते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात दिसले आहे. लेखिका-दिग्दर्शक ताहिरा कश्यप यांनी सात वर्षांनी आजार परतल्याचे एप्रिल २०२५ मध्ये स्वतः जाहीर केले होते. अशी बातमी वाचली की उपचार झालेल्या प्रत्येक बाईचा हात नकळत स्वतःच्या काखेकडे जातो.

म्हणून भीती शून्यावर आणणे हे उद्दिष्टच चुकीचे आहे. ऑस्ट्रेलियात ‘कॉन्कर फिअर’ नावाची समुपदेशन पद्धत तपासली गेली, तिचा भर भीती घालवण्यावर नव्हता. भीतीचा विचार आला की त्याच्यामागे फरफटत न जाता त्याला येऊ-जाऊ देणे, आणि कोणते लक्षण खरोखर डॉक्टरांना सांगायचे हे नेमके माहीत असणे, यावर होता. भीती त्याने कमी झाली. आपल्या दवाखान्यांत यातला दुसरा भाग आजही बिनखर्चात करता येईल. नवी गाठ, काही आठवडे न थांबणारे हाडाचे दुखणे, वाढत जाणारी धाप, कारण नसताना घटणारे वजन : एवढे सांगितलेल्या बाईला प्रत्येक कळ घेऊन रात्र जागवावी लागत नाही.

शरीर आणि बाईपण यांचा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे का?

स्तन काढल्यानंतर उरते ती फक्त जखमेची रेघ नव्हे. ब्लाउज एका बाजूला ओढला जातो, लोकलच्या गर्दीत पर्स छातीशी धरावी लागते, पदर सावरण्याची जुनी सवय आता लपवण्याची होते. स्तन वाचवून केलेल्या शस्त्रक्रियेला रेडिएशनची जोड दिली तर योग्य रुग्णांमध्ये जगण्याची शक्यता स्तन काढण्याइतकीच असते, हे २० वर्षांच्या पाठपुराव्याने सिद्ध झालेले आहे. पण आपल्याकडे निदान उशिरा होते, रेडिएशनचे यंत्र जिल्ह्यापासून लांब असते. त्यामुळे अनेकींपुढे हा पर्याय येतच नाही.

केसांचेही तसेच. मराठी घरात बोडक्या डोक्याच्या बाईची प्रतिमा नुसती आजारपणाची नाही. तिच्यावर केशवपनाची जुनी सावली आहे. ती प्रथा गेली, तिची भाषा गेली नाही. सवाष्ण बाईने आरशात स्वतःला तसे पाहणे, हळदीकुंकवाला जावे की नाही हा विचार करणे, हे दुःख ‘केस काय, परत येतील’ या वाक्यात मावत नाही.

मग हाताची सूज. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या साधारण पाचातल्या एकीला ती येते. बांगड्या चढत नाहीत. काखेतल्या एक-दोनच ग्रंथी तपासण्याची नवी पद्धत वापरली तर हे प्रमाण बरेच कमी होते. ‘त्या हाताने काहीच करू नका’ हा सरसकट सल्लाही आता मागे पडला आहे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम सुरक्षित असल्याचे अभ्यास सांगतात. हे माहीत नसल्याने कित्येक जणी वर्षानुवर्षे हात पोटाशी धरून वावरतात.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तर घरात आणि ओपीडीत, दोन्हीकडे शांतता असते. गोळ्यांमुळे कोरडेपणा येतो, जवळीक दुखते, इच्छा मावळते. बाईला वाटते आपण नकोशा झालो. नवऱ्याला वाटते हात लावला तर तिला त्रास होईल. दोघे एकमेकांची काळजी घेत असतात आणि दोघेही एकटे पडतात. यावर साधे उपाय आहेत, पण विचारल्याशिवाय ते कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट घराच्या भिंतीआड राहते. ‘मुलीचं लग्न व्हायचंय, बाहेर सांगू नका.’ स्तनाच्या कर्करोगातले जेमतेम ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात. तरीही ‘गाठीचं छोटं ऑपरेशन झालं’ एवढेच नातेवाइकांना सांगितले जाते. जिचा आजारच गुपित आहे तिने तिचे दुःख कुणापाशी काढायचे?

‘माझंच काय चुकलं?’ हा प्रश्न कुठून येतो?

या साऱ्याच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. कुणी तो प्रारब्ध म्हणून विचारते, कुणी मागच्या जन्मीचे पाप म्हणून, कुणाला देवीचा राहिलेला नवस आठवतो, कुणाला जाऊबाईंची नजर. मुस्लीम घरात आजमाइश हा शब्द येतो, ख्रिस्ती घरात परीक्षा. शब्द बदलतात, रात्रीचे दोन वाजणे तेच.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात माणसे श्रद्धेचा वापर कशी करतात याचे दोन ढोबळ भाग पाडले. एकात देव सोबतीला असतो. त्याच्यावर भार टाकता येतो, त्याच्या नावाने धीर येतो. दुसऱ्यात देव न्यायाधीश असतो. त्याने शिक्षा दिली किंवा त्याने मला टाकले. स्तनाचा कर्करोग झालेल्या महिलांवरील २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दुसऱ्या प्रकारे विचार करणाऱ्या महिला कमी होत्या, पण त्यांच्यात नैराश्य जास्त आणि आयुष्याबद्दलचे समाधान कमी आढळले. पहिल्या प्रकाराचा तसा ठळक फायदा मात्र दिसला नाही. म्हणजे देवाची सोबत वाटल्याने होणाऱ्या भल्यापेक्षा देवाने शिक्षा दिली असे वाटल्याने होणारे नुकसान अधिक स्पष्ट होते. ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे आजारी बाईला सांगणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आणि वैद्यकाचे उत्तर? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सुमारे निम्म्या महिलांमध्ये बाई असणे आणि वय वाढणे यापलीकडे कोणताही ठराविक धोक्याचा घटक सापडत नाही. दारू, लठ्ठपणा, मूल उशिरा होणे किंवा न होणे यांचा लोकसंख्येच्या पातळीवर संबंध आहे. पण एका बाईकडे बोट दाखवून ‘तुला यामुळेच झाला’ असे म्हणता येत नाही. ‘लहान मूल असताना त्याचा मार लागला होता’, ‘घट्ट कपडे घालत होते’, ‘मनात फार राग धरला’ या कारणांना तर आधारच नाही.

इथे एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. परदेशी प्रश्नावल्यांमध्ये देवावरचा राग बहुतेकदा बिघडलेल्या श्रद्धेच्या खात्यात जातो. वारकरी परंपरेत तसे नाही. जनाबाईंनी विठोबाला शिव्याशाप दिले आहेत. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी देवाशी कडाक्याचे भांडण मांडले आहे. त्यांना कुणी अश्रद्ध म्हटले नाही. देवावर चिडणे हा त्याच्याशी नाते असल्याचाच एक प्रकार आपल्याकडे मानला गेला. तेव्हा उपचार संपल्यावर देवघरासमोर बसावेसे न वाटणारी, वारी चुकवणारी, आरतीत टाळी न वाजवणारी बाई लगेच ‘नास्तिक झाली’ असे घरच्यांनी ठरवू नये. ती भांडत असेल. भांडण संपायला वेळ लागतो.

अध्यात्म मोजता येते का?

मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत मोजता न येणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला कुणी शिकवले नाही, त्यामुळे हा प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आले होते. पण त्यासाठी मोजपट्ट्या आहेत आणि त्या बऱ्यापैकी शहाण्या आहेत. ‘फॅसिट-एसपी’ ही १२ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात तीन धागे वेगळे केलेले आहेत : जगण्याला अर्थ वाटणे, मनाला शांतता असणे आणि श्रद्धेतून आधार मिळणे. कोणत्याही धर्माचे नाव तिच्यात नाही, त्यामुळे देव न मानणारी बाईसुद्धा ती भरू शकते.

या प्रश्नावलीवरच्या अभ्यासांत वारंवार दिसलेली गोष्ट अशी, की जीवनाच्या गुणवत्तेशी अधिक घट्ट जोडलेले असतात ते अर्थ आणि शांतता. नुसत्या श्रद्धेचे गुण जास्त असणे पुरत नाही. रोज तास-दोन तास पोथी वाचूनही मनात ‘मला शिक्षा झाली’ हेच घोळत असेल तर ती पोथी तिला उभारी देत नाही. उलट बचत गटाचे काम पुन्हा सुरू केलेली, नातवाला अभ्यासाला बसवणारी, गच्चीत चार कुंड्या लावणारी एखादी, मंदिरात पाऊल न टाकताही, या मोजपट्टीवर वर असू शकते. हरिपाठ म्हणताना श्वास संथ होतो, दहा जणींबरोबर बसणे होते, रात्रीच्या वेळेला धरायला काहीतरी मिळते. नामस्मरणाचा उपयोग होतो तो यातून. तो असेल तर जरूर व्हावा.

श्रद्धेने किंवा जिद्दीने आयुष्य वाढते का?

हा प्रश्न विज्ञानाने गांभीर्याने विचारून पाहिलेला आहे. १९८९ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक खळबळजनक निष्कर्ष मांडला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ महिलांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र बसून मोकळेपणी बोलत होत्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट. मनाने कर्करोग हरवता येतो, या समजाला त्यातून मोठे बळ मिळाले. पुढे कॅनडात २३५ महिलांवर तोच प्रयोग झाला. २००१ मध्ये निकाल आला : आयुष्य वाढले नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या दुसऱ्या अभ्यासातही एकंदर फरक दिसला नाही. पण कॅनडातल्या महिलांचे मन हलके झाले आणि वेदनाही कमी जाणवल्या. ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त. आयुष्य लांबले नाही, सुसह्य झाले. मला तरी ही गोष्ट छोटी वाटत नाही.

ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील ५७८ महिलांच्या अभ्यासात ‘लढाऊ वृत्ती’चा जगण्यावर काहीही परिणाम आढळला नाही. टोकाची हतबलता असलेल्यांमध्ये धोका मात्र थोडा वाढलेला होता. याचा अर्थ नैराश्य ओळखून त्यावर उपचार करावेत एवढाच. ‘हसत राहा’ असे बजावावे, असा मुळीच नाही.

तरीही ‘पॉझिटिव्ह राहा’ हा मंत्र थांबत नाही. आजार झाला तो तुझ्या कर्माने, हे आपल्या आजीची पिढी म्हणायची. आजार बरा होत नाही तो तुझ्या निगेटिव्ह विचारांमुळे, हे व्हॉट्सअ‍ॅप म्हणते. दोन्हींत गुन्हेगार तीच बाई. स्वतः हा आजार झालेल्या अमेरिकी लेखिका बार्बरा एरनराइक यांनी २००१ मध्ये गुलाबी फितींच्या या सक्तीच्या उत्साहावर कडक टीका केली होती. त्यांचा राग आजारापेक्षा रागवायची मुभाच नसण्यावर अधिक होता.

यात आम्ही बातमीदारही निर्दोष नाही. ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हा मथळा डेस्कवर किती वेळा टाइप झाला असेल याची मोजदाद नाही. तो वाचणाऱ्या, गोळ्या चालू असलेल्या बाईला त्यातून काय कळते? की जी गेली ती कमी लढली.

योगाभ्यासाबद्दलही असेच घडले. टाटा रुग्णालयाने ८५० महिलांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ परिषदेत मांडला. बातम्यांत आयुष्य वाढल्याची टक्केवारी मथळ्याला गेली. या महिलांचा योग नेहमीच्या उपचारांच्या जोडीने चालू होता, त्यांच्याऐवजी नव्हे, ही बाब आत कुठेतरी राहिली. थकवा, झोप, सांध्यांचा ताठरपणा यांसाठी योग करावा. गोळी बंद करून कुणी योगाची शिफारस करत असेल तर तिथून उठावे.

उपवासांचेही सांगायला हवे. केमो चालू असताना निर्जळी उपवास, पांढऱ्या पेशी कमी असताना जत्रेची गर्दी, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उपचारांनंतर चतुर्थी धरायला सहसा हरकत नसते.

‘आजाराने मला बदललं’ असे म्हणणाऱ्या खोटे बोलतात का?

तसे नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये आघातानंतर माणसात होणारी वाढ मोजणारी २१ विधानांची प्रश्नावली तयार केली. माणसांशी जवळीक वाढणे, स्वतःच्या ताकदीची जाणीव होणे, नव्या वाटा दिसणे, आयुष्याची किंमत कळणे, अध्यात्मात बदल होणे, अशा पाच बाजू तिच्यात आहेत. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या अनेक जणी यातले काही ना काही सांगतात. ‘आधी मी नाही म्हणायलाच शिकले नव्हते’ ही त्यातली आपल्याकडची नेहमीची जात. मात्र ही वाढ आणि दुःख एकाच वेळी, एकाच बाईत असू शकते. आणि जिला काही ‘शिकायला’ मिळाले नाही, जी नुसती दमली आहे, तिचे काही चुकलेले नाही.

मदत कुठे मिळते?

सगळ्यात जुनी पद्धत आजही उपयोगी आहे : त्याच वाटेने गेलेली दुसरी बाई. अमेरिकेत टेरेस लॅसर यांनी १९५२ मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर ‘रीच टू रिकव्हरी’ सुरू केले ते याच कल्पनेवर. ऑपरेशन झालेल्या बाईने नव्याने ऑपरेशन झालेलीच्या खाटेशी जाऊन बसायचे. मुंबईत ‘व्ही केअर’, ‘इंडियन कॅन्सर सोसायटी’ यांसारख्या संस्था रुग्णांना आधार देण्याचे काम करतात. टाटा रुग्णालयात मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. कुठलीही पाटी नसलेले आधारगट तर आपोआपच बनतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या वास्तूत जळगाव, नांदेड, रत्नागिरीहून आलेले रुग्ण आठवडेच्या आठवडे राहतात. रांगेत ओळखी होतात, कुणाला कुठला स्कार्फ घाम टिपतो, कुठल्या शिंप्याने कृत्रिम स्तन बसवायला आतून खिसा शिवून दिला, हे कळते. गावी परतल्यावर नेमकी हीच सोबत तुटते. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा बसणारा गट हवा आहे, आणि त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही; एक खोली आणि आशा सेविकेकडची यादी पुरे. कर्करोगावरच्या सरकारी योजनांची भाषा अजून ऑपरेशन आणि केमोच्या पॅकेजपुरतीच आहे. पुढची दहा वर्षे जणू तिच्या एकटीची.

घरच्यांनी काय बोलावे, असे बरेच जण विचारतात. फार काही नाही. ‘आज कसं वाटतंय?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत मोबाइल खाली ठेवावा. फॉलोअपच्या दिवशी सोबत जावे, केस परत आले असले तरी.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगणे नको वाटते, असे असेल तर तो स्वभाव नसून नैराश्य असण्याची शक्यता आहे. त्यावर औषधे आहेत. मात्र मनोविकारतज्ज्ञांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आवर्जून सांगावे, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी काही नैराश्यरोधक औषधे त्या गोळीचा परिणाम कमी करू शकतात. पर्यायी औषधे उपलब्ध आहेत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते.

ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, हे खरेच. रिपोर्ट पाहून, गाठ तपासून, गोळ्या लिहून होईपर्यंत पुढचा नंबर पुकारला जातो. म्हणून आदल्या रात्री चिठ्ठी लिहून न्यावी. सांधे दुखतात, हात सुजतो, पाळी बंद झाली, याच्याच खाली त्याच अक्षरात लिहावे : झोप लागत नाही, भीती वाटते, नवऱ्याशी बोलता येत नाही. चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्यावी. बोलायला संकोच वाटला तरी वाचले जाते.